आधी कोण उतरतं?

देशकर काका खोकले अन् अख्खी बस चूप झाली.

बस नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलाजवळ उभी होती, पण आमच्या जबलपूर शहराकडे नाही, नागपूरच्या अंगाला. तिथल्या एका धर्मशाळेच्या आवारात आमचा मुक्काम होता; खोल्या भरलेल्या, म्हणून त्या रात्री पहिल्यांदाच सगळे बसमधे झोपले होते. सकाळची वेळ. मी बसच्या मागे भट्टी पेटवून पोह्यांचा कांदा चिरून राहिली होती. काका आणखी एकदा खोकले. चांगला लांब, खालून वर येणारा खोकला. लोखंडे बाईंनी मास्क डोळ्यांपर्यंत ओढला. पाटणकर काकूंनी खिडकी उघडली. मागच्या सीटवर कोणीतरी घरी फोन लावला.

मी कांदा तसाच ठेवला. म्हटलं, गेली ही बस.

यात्रेच्या बसमध्ये स्वयंपाक करायचा, हेच माझं काम. घरी करतात तसा स्वयंपाक हा नाही. बस जिथे थांबेल तिथे डिक्कीतून भांडी काढायची, मोठी गॅसची शेगडी लावायची, तिला आम्ही भट्टी म्हणतो, अन् लोकांचे पाय मोकळे होईपर्यंत ताट वाढायचं. शाळा मी तिसरीपर्यंत शिकली. पण पाण्याच्या चवीवरून डाळ किती वेळ घेईल ते सांगते.

मालकाचं नाव मोहित. मी त्याला भैया म्हणते, तो मला मावशी. घरचं मराठीच, पण पिढ्या जबलपुरात गेल्या. त्याला मराठी सगळं समजतं, बोलायला लागला की अर्ध्यातून हिंदीत उतरतो. त्याच्या वडिलांपासून मी या बसवर.

कोरोनात बस शेडमध्ये उभी राहिली. माझे मालक, म्हणजे घरचे, दुसऱ्या लाटेत गेले. पोचवायला लोकं होते, पण लांब उभे. मी पापड लाटले, एका हॉस्टेलची भांडी घासली. दिवस काय, जातात. मग सगळं उघडलं. बाजार उघडला, लग्नं लागली, विजय नगरच्या चाटवाल्याकडे पहिल्यासारखी गर्दी झाली. पण यात्रेचं नाव काढलं की लोकं म्हणत, "अभी नाही, पाहू पुढच्या वर्षी."

भैयानं एक दिवस मला बोलावून सांगितलं.

"मावशी, महाराजपुरच्या एका शाळेला बस पाहिजे. मैंने बोल दिया है, एक खेप करून पाहतो. पूरी हुई तर बस आपली. अर्ध्यातून परत आली तर चावी त्यांची."

"अन् मी?"

"आपको भी शाळेत लावून देतो ना."

शाळेत पोरं घरून डबे घेऊन येतात. तिथे मी काय करू? मी तांदूळ निवडायला घेतले.

खेप ठरली नर्मदा परिक्रमेची. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. परिक्रमा म्हणजे मैयाला पूर्ण फेरी. पायी करणारे पायी करतात, आमचे लोकं बसनं करतात. नियम एकच मोठा. मैया सतत उजव्या हाताला ठेवायची अन् ती ओलांडायची नाही. पुलावरून नाही, नावेनं नाही. फक्त शेवटी समुद्राशी ती संपते, तिथे पलीकडे जायचं. मधेच ओलांडली की परिक्रमा खंडित झाली, केलेलं सगळं पाण्यात.

आता जबलपूरवाल्यांची गंमत पाहा. आपण ग्वारीघाटाला पूजा करून निघतो, अमरकंटकला जातो, तिथून वळून दुसऱ्या तटानं परत येतो. म्हणजे काही दिवस फिरून माणूस आपल्याच गावासमोर येऊन उभा राहतो. मधे मैया. समोर पूल. पुलाच्या पलीकडे आपलं घर, आपली गादी, आपला संडास. अन् जायचं नाही.

बुकिंगसाठी भैयानं सगळं केलं. सीटा धुतल्या. दारात सॅनिटायझरची बाटली बांधली. कपाळाला लावायची ती तापाची बंदूक आणली. दोन माणसांमधे एक सीट रिकामी ठेवू म्हणाला. मला वाटे, या सगळ्यापेक्षा लोकं माझ्या हाताच्या खाण्यासाठी येतील. म्हणून मी जुन्या सगळ्या गिऱ्हाइकांना घरी करून चिवडा पाठवला. सगळ्यांचे फोन आले. "मावशी, चिवडा क्या मस्त झाला!" बुकिंग एकही नाही.

मग भैयानं पर्चीवर छापलं, वापसीची गॅरंटी. तब्येत बिघडली तर त्याच दिवशी आमच्या गाडीनं घरी.

आता फोन वाजायला लागला. मी तिथेच डाळ निवडत बसलेली असायची, तर ऐकू यायचं. गॅरंटीबद्दल कोणी काही विचारे ना. सॅनिटायझरचं तर नावच नाही. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "अच्छा, आणखी कोण कोण येऊन राहिलं?"

भैया खरं बोलणारा. "अभी तो कोई नाही, काकू. आप पहिल्या."

"बरं, मग सांगते हो."

फोन बंद.

लोखंडे बाईंचाही असाच फोन येऊन गेला. त्या शाळेतून रिटायर झालेल्या, विजय नगरच्या मराठी बायकांमधे त्यांचा मोठा मान. त्यांच्या मागोमाग पाटणकर काकूंचा आला. या दोघी एकाच गल्लीत राहतात. एकीनं पडदे बदलले की दुसरीच्या घरात सुतार येतो.

"मोहित, कोण कोण आहे रे?"

भैया कंटाळला होता. म्हणाला, "लोखंडे बाईंचा फोन आला होता."

"ती जाऊन राहिली?"

"विचारत होत्या."

"ती विचारते म्हणजे तिनं बॅग भरली. माझी खिडकीची सीट. उजवीकडची, मैया दिसली पाहिजे."

थोड्या वेळानं लोखंडे बाईंचा फोन. "काय रे मोहित, पाटणकर निघाली म्हणे? मग मी काय मागे राहू?" त्यानंतर भैयाला कोणाला फोन करायचं काम पडलं नाही. आठवड्याच्या आत बस भरली. रिकाम्या सीटा सोडायच्या होत्या, त्याही भरल्या. ज्यांच्या बाजूची सोडायची होती, त्यांनीच बहिणींना आणलं.

तर अशी ती बस घरासमोर येऊन उभी राहिली, अन् देशकर काका खोकले.

काका विधुर. फॅक्टरीतून रिटायर. बोलणं कमी. अमरकंटकला थंडीत सगळे शाली घेऊन कुडकुडत होते, तेव्हा हा माणूस बनियानवर आंघोळ करून आला. कोणाशी भांडण नाही, कशाची तक्रार नाही. पण खोकला म्हटल्यावर एवढं सगळं कोणाला आठवते?

भैया टेस्टची किट घेऊन आला. काकांच्या नाकात काडी घातली. एक रेघ उमटली. एक रेघ म्हणजे काही नाही.

"देखिए, निगेटिव्ह," भैया म्हणाला.

"किट जुनी असेल," लोखंडे बाई.

दुसरी किट काढली. एकच रेघ.

"दोन्ही एकाच दुकानातल्या असतील," पाटणकर काकू.

तेवढ्यात हवा फिरली. माझी पोह्यांची फोडणी झाली होती, हिरवी मिरची तेलात पडली होती. सगळा धूर बसमधे. आधी लोखंडे बाई खोकल्या.

"ही मिरचीची आहे!" त्या ओरडल्या. "मिरचीची आहे हो माझी!"

मग पाटणकर काकू. मग मागची सीट. मग ड्रायव्हर. जो तो खोके अन् हात वर करून मिरची, मिरची म्हणे. खोकला थांबला तरी एकमेकांकडे पाहणं काही थांबलं नाही. तोवर सगळ्यांचे घरी फोन लागून गेले होते.

मी पोहे वाढले. अर्ध्या लोकांनी बशी हातात धरली अन् मास्क काही काढला नाही. पोहे खायचे कसे मग?

पाटणकर काकू म्हणाल्या, "मोहित, तुझी ती गॅरंटी आहे ना? मग काकांना घरी पाठव. पूल समोरच आहे."

भैया काकांजवळ गेला. "काका, गाडी बोलावू? अर्ध्या घंट्यात घरी."

काकांनी बशीतले पोहे संपवले. तोंड पुसलं. "पुलावरून?"

"हाव, पुलावरूनच."

"मग माझी परिक्रमा मोडते."

"पर तब्येत..."

"तब्येत ठीक आहे. यांची ठीक दिसत नाही." काकांनी बशीनंच बसकडे दाखवलं. "गॅरंटी सगळ्यांकडे आहे. ज्याला भीती वाटते त्यानं जावं."

आता भैयाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. गॅरंटी छापताना त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं, की या तटावरून घरी न्यायचं म्हणजे मैया ओलांडायची. पर्चीवर दोन गोष्टी होत्या, परिक्रमा पूर्ण करून देऊ अन् त्याच दिवशी घरी नेऊ. दोन्ही एका माणसाला देता येत नव्हत्या.

तरी तो पायरीवर उभा राहिला अन् मोठ्यानं म्हणाला, "चलो, जिसको जाना है, हात वर करा. गाड्या मागवतो. कोणाला काही बोलणार नाही."

कोणाचा हात वर नाही.

लोखंडे बाईंनी पाटणकर काकूंना कोपर मारलं. "तू उतर ना. तुला शुगर आहे."

"तुला बीपी आहे. तू आधी."

"तू उतरलीस की मी येतेच तुझ्या मागे."

"वा! म्हणजे नाव माझं. वर्षभर हळदीकुंकवात सांगत फिरशील, पाटणकरीण घर दिसलं अन् पळाली."

"मी? मी तर आलेच तू येऊन राहिलीस म्हणून!"

"काय? मी तर तू निघालीस म्हणून आले! मोहितनंच सांगितलं."

दोघींनी वळून भैयाकडे पाहिलं. भैयानं माझ्याकडे पाहिलं. मी पातेल्यात पाहिलं.

"मैंने सिर्फ कहा था की फोन आला होता," भैया हळूच म्हणाला. "झूठ तो बोला नाही."

बस तशीच उभी. आत सगळ्यांना घर आठवून राहिलं होतं, अन् खाली पाय कोणी ठेवे ना. मी म्हटलं, एक उतरला की सगळे उतरतात. धान्याचं पोतं जसं, एक धागा सुटला की रिकामं. भैया पायरीवर बसून फोनमधे शाळेवाल्याचा नंबर काढून पाहत होता. मला दिसला तो नंबर नाही, पण चेहऱ्यावरून समजते.

मी गक्कड लावायला घेतले. गक्कड म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे, सोबत वांग्याचं भरीत. जेवण तर करायचंच होतं. बस विकली जावो का राहो, दुपारी भूक लागते.

दुपार व्हायच्या आत पुलावरून गाड्या यायला लागल्या. एक आली, मागे दोन, मग चार. विजय नगर अर्धं रिकामं झालं म्हणा. पोरं, सुना, जावई. सगळे मास्क लावून, हातात सॅनिटायझर. आमच्या माणसांना न्यायला आले होते.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. परिक्रमेला निघालेल्या माणसाला आमच्या तिकडे मूर्ती म्हणतात. आश्रमात विचारतात ना, "कितनी मूर्ति हैं?" म्हणजे किती जण आहेत. मूर्ती समोर दिसली की आधी पाया पडायचं, नर्मदे हर म्हणायचं, मग दुसरं बोलायचं.

सगळ्यात पुढे देशकर काकांची सून आली, वर्षा. बँकेत नोकरी, चाल जोरात, रागानं लाल. गाडीचं दार आपटलं. सासऱ्यासमोर आली, तोंड उघडलं, अन् आजूबाजूला एवढे लोक पाहून तिला सुचलं असेल. वाकली. पायाला हात लावला.

"नर्मदे हर, बाबा."

"नर्मदे हर. सुखी राहा."

आता पाया पडून आशीर्वाद घेतलेल्या माणसाला लगेच रागवायचं कसं? मागून दुसऱ्यांचे लेक-सुना आले, तेही वाकले. ज्यांनी सकाळी फोनवर आईला ओरडून घेतलं होतं, ते खाली मातीत हात टेकून उभे. लोखंडे बाईंनी तर डोक्यावर हात ठेवून सगळ्यांना आशीर्वाद दिले, त्यात पाटणकरांचा जावईही आला.

मग वर्षा बोलली. "बाबा, चलो. लोखंडे मावशींचा फोन आला, तुम्ही खूप सीरियस आहात. हे सकाळपासून घाबरले आहेत."

"खोकलो फक्त," काका म्हणाले.

"कसे? नेहमीचाच?"

"नेहमीचाच."

वर्षानं डोक्याला हात लावला. "अरे देवा! बाबा तर रोज सकाळी असेच खोकतात. उठल्या उठल्या दोनदा, एक छोटा, एक मोठा. आमच्या घरी कोणी अलार्मच लावत नाही. खालच्या मजल्यावरचे लोक यावर दूध आणायला जातात!"

बसमधून कोणीतरी हसलं. आधी एक, मग पुष्कळ.

लोखंडे बाई हसल्या नाहीत. त्यांनी वर्षाला बरोबर पकडलं. "अगं, मग रोजचाच खोकला होता तर तू धावत काहून आलीस?"

वर्षा जरा थांबली. "मावशी, सगळ्यांच्या गाड्या निघाल्या ना. पाटणकरांचा जावई निघाला, तुमचा मुलगा निघाला. आम्हीच नाही निघालो तर कॉलनीत काय म्हणतील? सासऱ्याला सोडून दिलं?"

लोखंडे बाईंनी मास्क नीट केला.

मी पंगत मांडली. "चला, गक्कड गरम आहेत."

मूर्ती सगळ्या बसल्या. पाहुणे उभे. नाही नाही, आम्ही खाऊन आलो. बाहेरचं नको. हात धुवायला पाणी आहे का? मी कोणाला आग्रह केला नाही. गक्कड फोडले, वर तूप सोडलं, ताटात भरीत टाकलं. वास तर काही मास्कमधे अडत नाही. वर्षा सकाळी चहा न घेता निघाली होती. तिनं काकांच्या ताटाकडे पाहिलं, मग इकडे तिकडे पाहिलं. मग मास्क गळ्यात ओढून काकांच्या बाजूला बसली.

"मावशी, एकच द्या. आधाच."

तिच्या मागे लोखंडे बाईंचा मुलगा बसला. मग जावई. मग जागाच उरली नाही. आधा म्हणणाऱ्यांनी चार चार खाल्ले. मी कणीक पुन्हा मळली, भरतात टमाटे वाढवले, डाळीत पाणी टाकलं, अन् मग आणखी टाकलं. ड्रायव्हरच्या अन् माझ्या वाट्याला भाताची खरवड आली. आम्ही ताक टाकून खाल्ली. त्यात काय. असं पुष्कळदा झालं.

जेवणं झाली. पोरांनी आयांना विचारलं, "चलतेस का मग?" आया म्हणाल्या, "पाटणकर येते का पाहा." पाटणकर म्हणाल्या, "लोखंडेला विचारा." लोखंडे बाईंनी पर्समधून कंगवा काढला, केस विंचरले, अन् खिडकीशी जाऊन बसल्या. म्हणाल्या, "मी माझ्या गावासमोर येऊन पळणारी बाई नाही." मग कोणाला विचारायची गरज राहिली नाही.

बस निघाली तेव्हा सगळ्या पोरांनी गाड्यांजवळून हात हलवले. ती लोकं पुलावरून घरी गेली. आम्ही मैया उजव्या हाताला ठेवून पुढे. काका रोज सकाळी दोनदा खोकत, एक छोटा, एक मोठा, अन् त्यावर बसमधले लोक उठून आंघोळीच्या रांगेत लागत. मधे एकदा टायर बसला, एकदा पाणी लागून चार जण आडवे झाले. त्यांना मी पेज दिली. घरी जायचं कोणी बोललं नाही. समुद्राशी नावेत बसले तेव्हा लोखंडे बाई अन् पाटणकर काकू एकमेकींचा हात धरून रडल्या. नाव किनाऱ्याला लागली तशी भांडल्या, आधी उतरण्यावरून. दोघींना आधी उतरायचं होतं.

फेरी पूर्ण झाली. ग्वारीघाटाला पूजा झाली. शाळेवाला माणूस बस पाहायला आला होता. भैयानं त्याला चहा पाजून परत पाठवलं. बस आमच्याकडेच राहिली.

पुढच्या खेपेच्या पर्चीवरून भैयानं गॅरंटी काढून टाकली. कोणाला समजलंही नाही. सॅनिटायझरची बाटली रिकामी झाली, ती मी तेलाला घेतली. आता भैयाला फोन आला की तो विचारण्याआधीच सांगतो कोण कोण येऊन राहिलं. बाकी लोक स्वतःच ठरवतात.

एवढे वर्ष बसवर काढून मला इतकंच समजलं. बिमारी गेली म्हणून कोणी घराबाहेर पडत नाही. बाजूची पडली म्हणून पडतात. परत फिरतात तेही तसेच, अन् थांबतात तेही.

माझं विचाराल, तर मी का गेली? मला कोणी विचारलं नव्हतं, मावशी येता का, भीती वाटते का. ज्या दिवशी खेप ठरली, त्या दिवशी भैयानं माझं पोळपाट डिक्कीत चढवून ठेवलं होतं. ते गेलं, म्हणून मी गेली.